राजीखुशीची फेरी

मे महिन्यात, भर दुपारी दोन वाजता घर पाहायला नेणारा वकील मी आयुष्यात एकच पाहिला. मुळात वकिलाने घर पाहायला यायचं काही कारण नसतं. त्याने कागद तपासावेत, रजिस्ट्री ऑफिसात जाऊन जुने व्यवहार शोधावेत, पेपरात जाहीर नोटीस द्यावी, खरेदीखत तयार करावं, सह्यांच्या दिवशी हजर राहावं आणि फी घेऊन मोकळं व्हावं, एवढीच आपली समजूत. आमच्या वकीलसाहेबांची समजूत वेगळी होती. त्यांचं म्हणणं असं, की हिवाळ्यात सकाळी दहा वाजता नागपुरातलं कोणतंही घर चांगलंच दिसतं. मे महिन्याच्या दुपारी जे घर माणसाला आत बसू देतं, त्याचेच कागद उघडावेत.

घर पाहायला आले की ते आधी कूलर बंद करायला लावत. मग चपला काढून पश्चिमेच्या भिंतीला पाठ टेकवून खाली फरशीवर बसत आणि डोळे मिटून घेत. घरवाल्यांना वाटायचं साहेबांना ऊन लागलं. कोणीतरी धावत जाऊन साखरपाणी आणायचं. साहेब ते पिऊन टाकायचे आणि पुन्हा डोळे मिटायचे. पाठ भाजली नाही तर उठून म्हणायचे, "चला, आता कागद दाखवा." काळ्या कोटाच्या खिशात मार्च ते जून कांदा असायचा, लू लागू नये म्हणून. कोर्टात साहेब पुढे गेले की मागे वास रेंगाळायचा, आणि न्यायाधीशांनाही तो पाठ झाला होता असं त्यांचे सहकारी सांगत.

त्यांचं ऑफिस रामदासपेठेत होतं, एका मोठ्या दवाखान्याच्या मागच्या गल्लीत, जुन्या बंगल्याच्या पुढच्या खोलीत. खोलीबाहेर लांब व्हरांडा होता आणि व्हरांड्यात कायम पेशंटांचे नातेवाईक बसलेले असायचे. डबे, पिशव्या, सतरंज्या, झोपलेली पोरं, सगळा बाजार. साहेबांनी कधी कोणाला उठवलं नाही, उलट दाराशी दोन माठ भरून ठेवलेले असत. त्यांचे अशील त्या माणसांतून वाट काढत आत येत आणि कधीकधी पेशंटांचे लोकही चुकून आत शिरत. एकदा खेड्यावरचे एक बुवा एक्स-रे घेऊन समोर बसले. साहेबांनी तो उजेडात धरून नीट पाहिला आणि विचारलं, "वावर कोणाच्या नावावर आहे?" बुवा उठले तोवर त्यांना हाडांच्या डॉक्टरचा मजला कळला होता आणि भावाभावांतल्या वाटणीची अर्धी चूकही कळली होती.

माझी त्यांची ओळख त्या दवाखान्याच्या लॅबमध्ये झाली. मी तिथे रक्त घेते. साहेब शुगर तपासायला आले, तर हात पुढे करण्याआधी त्यांनी आमचा संमतीचा कागद मागितला. आजवर तो कोणी वाचला नव्हता, मीसुद्धा नाही. साहेब उभ्या उभ्या वाचू लागले, मागे रांग वाढत चालली. शेवटी त्यांनी पेन काढून एक ओळ खोडली, वर नवीन ओळ लिहिली, तिच्या बाजूला सही केली आणि मग बाही वर सरकवली. मला राग आला, आणि रागातच वाटून गेलं, की आपण कधी घर घेतलं तर कागद या माणसाकडेच द्यायचे.

घर घेणं ही आमच्याकडे साधी गोष्ट नव्हती. माझे बाबा रेल्वेच्या क्वार्टरात राहिले आणि निवृत्त झाल्यावर आठवड्याभरात त्यांना ते सोडावं लागलं. सासऱ्यांचं आयुष्य भाड्याच्या खोल्यांत गेलं. सासरी आणि माहेरी मिळून, स्वतःच्या नावाची रजिस्ट्री झालेला माणूस आमच्यात एकही नव्हता. माझ्या मिस्टरांचं जरीपटक्याच्या बाजारात पंखे-कूलर दुरुस्तीचं दुकान. तिथेच मागे दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहत होतो. घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि जून संपायच्या आत खोल्या रिकाम्या करा असा निरोप आला. तेव्हा आम्ही ठरवलं, की आता भाड्याची खोली शोधायची नाही.

जरीपटक्याच्या मागच्या अंगाला, प्लॉट पाडलेल्या एका लेआउटमध्ये घर मिळालं. पुढे दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे एक खोली, वर गच्ची आणि अंगणात सीताफळाचं झाड. पश्चिमेच्या भिंतीने साहेबांची पाठ भाजली नाही. विकणारे प्रमोदभाऊ, त्यांची कंपनीने पुण्याला बदली केली होती. घर त्यांच्या वडिलांनी बांधलेलं. वडील वारले, त्यामुळे मालकीत तिघं: प्रमोदभाऊ, त्यांची आई आणि कळमेश्वरला दिलेली त्यांची धाकटी बहीण. तिचा नवरा तिथल्याच एका कारखान्यात होता. व्यवहार सरळ दिसत होता. दलाल म्हणाला, पंधरा दिवसांत चावी तुमच्या हातात.

तो दलाल आमचा वकील कोण हे ऐकल्यावर मात्र गप्प झाला. दलाल मंडळी साहेबांना आपसात 'स्पीड ब्रेकर' म्हणत, हे मला मागाहून कळलं. कारण काय, तर राजीखुशी.

कोणत्याही खरेदीखतात एक वाक्य असतंच. लिहून देणार हे राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि नशापाणी न करता लिहून देत आहेत. हे वाक्य वकिलांच्या कॉम्प्युटरवर तयारच असतं, वरची नावं बदलली की झालं. साहेब ते वाक्य दरवेळी हाताने लिहीत आणि खरंच तसं आहे का हे पाहायला जात. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "नशापाणी केलं नाही हे वासावरून कळते, बाई. मंग राजीखुशी काहून कळू नये? मी लिहून राहिलो, तर मले ती दिसली पाहिजे."

बहिणींनी भावाला दिलेली हक्कसोडपत्रं ते अशीच तपासत. सही खरी की खोटी हे नंतर. आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढून तारीख बघत. राखी, भाऊबीज, माहेरचं लग्न, वडिलांची तेरवी यांच्या आसपासचा कागद असला तर बाजूला ठेवून देत. भाऊबीजेच्या ताटासमोर बसलेली बहीण नाही कसं म्हणेल, हा त्यांचा सवाल. मग ते त्या बहिणीला पुन्हा बोलावत, ऑफिसात नाही, त्या घरातच. सगळ्यांना बाहेर अंगणात बसवत आणि तिला एकटीला आत पाठवत. एक फेरी मारून या म्हणत. हवा तेवढा वेळ घ्या, दार लावून घ्या. ती बाहेर आली की एवढंच विचारत, "राहिलं काय काही?" नाही म्हणाली तर सही. काही राहिलं असेल तर ते आधी, सही नंतर.

कायद्यात असलं काही नाही, हे मला दहा जणांनी सांगितलं. साहेबांनाही ते माहीत होतंच. पण त्यांच्या त्या फेऱ्यांच्या गोष्टी ऐकायला व्हरांड्यातले लोकसुद्धा दाराशी सरकत. एका बहिणीने न्हाणीतला पितळी नळच मागितला. प्लंबर येऊन नळ निघेपर्यंत घेणारे, विकणारे आणि बँकेचा माणूस सगळे ओट्यावर ताटकळत बसले होते. एक बाई आत जाऊन झोपून गेली, संध्याकाळी उठली आणि आता बरं वाटतं म्हणून सही करून गेली. आणि एक बाई आत गेली तशीच बाहेर आली, पाणी मागितलं, कागद कुठे आहे विचारलं. साहेबांनी तिला प्रश्नसुद्धा विचारला नाही. सगळ्यांच्या आधी तिची सही घेतली आणि स्वतः रस्त्यापर्यंत जाऊन रिक्षात बसवून दिलं. "सगळ्याच बायकांचं माहेर गोड नसते," असं मला सांगताना त्यांचा आवाज पार उतरला होता. या सगळ्याची सुरुवात कुठून झाली असेल याबद्दल लोक नाना गोष्टी सांगत. मी कधी विचारलं नाही.

आता साहेब नाहीत. तो बंगलाही नाही, तिथे दवाखान्याच्या गाड्या उभ्या राहतात. लॅबमधून घरी जाताना मी मुद्दाम त्या गल्लीने जाते, आणि माठांच्या जागी कोणाची तरी पांढरी गाडी दिसली की मला त्या गाडीवाल्याचा उगाच राग येतो. बिचाऱ्याचा काय दोष.

तर आमच्या घराची फेरी. कळमेश्वरच्या ताई सकाळच्या बसने आल्या. आम्ही अंगणात सीताफळाखाली, प्रमोदभाऊ ओट्यावर, त्यांची आई, म्हणजे आजी, दारात. ताई आत गेल्या, थोड्या वेळाने पदराने तोंड पुसत बाहेर आल्या. काही राहिलं नाही म्हणाल्या, फक्त मोगऱ्याची एक फांदी नेते, लागली तर लागली. साहेबांनी मान हलवली. मला हायसं वाटलं. मी मनातल्या मनात स्वयंपाकघरात डबे लावायला सुरुवातही केली.

मग साहेबांनी आजींना आत जायला सांगितलं. प्रमोदभाऊ हसले. आई तर याच घरात राहते, तिला कसली फेरी? साहेब म्हणाले, रोज राहणाऱ्या माणसाने घर कधी पाहिलेलं नसतं. आजी काठी टेकत आत गेल्या आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला. आम्ही बसलो. ऊन सीताफळाच्या सावलीतून सरकत आमच्या पायांवर आलं. ताई दोनदा दारापर्यंत जाऊन परत फिरल्या. कडी निघाली तेव्हा आजींचे डोळे कोरडे होते, आवाज स्वच्छ होता.

"राहिलं काय काही, मायबाई?" साहेबांनी विचारलं.

"घरात काही नाही राहिलं. घर इका. पन मले पुन्याले नाही जायचं."

प्रमोदभाऊ उठून उभे राहिले. "आता काहून? महिनाभर तर हो हो करून राहिली होती तू."

"तू विचारलं कुठं होतं, बापू? तू सांगून राहिला होता, मी आयकून राहिली होती." आजींनी काठी लेकीकडे केली. "मले हिच्याकडं जायचं हाय."

त्यानंतर अंगणात जे झालं ते सगळं सांगत नाही. प्रमोदभाऊंचं दुःख एकच होतं. मुलगा जिवंत असताना आई लेकीच्या दारी राहिली, तर जातभाई, शेजारी, सासरचे, सगळे काय म्हणतील? आईला टाकून पुण्याला पळाला म्हणतील. ताई खाली मान घालून एवढंच म्हणत होत्या, की माझ्या घरी आईला काही कमी पडणार नाही. हे त्यांनी जमिनीकडे पाहून तीन-चारदा म्हटलं. भावाकडे पाहायची त्यांची हिंमत नव्हती. शेवटी प्रमोदभाऊंनी जाहीर केलं, आई पुण्याला येणार नसेल तर घर विकायचंच नाही. साहेबांनी शांतपणे फाइल बांधली आणि स्कूटरला किक मारून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दलाल आमच्या दुकानावर आला. त्याने तोड काढली होती. प्रमोदभाऊ रागावले असले तरी त्यांना घर विकणं भाग आहे. त्याच्या ओळखीचा एक वकील आहे, शुक्रवारपर्यंत सगळं उरकेल. म्हातारीला सांगायचं आधी सही कर, जायचं कुठे ते मग पाहू. ती मुलाच्या शब्दाबाहेर जाणार नाही, सांगितलं तिथे अंगठा टेकवेल. आमच्या मिस्टरांना हे पटलं. ते वाईट माणूस नाहीत, पण खोल्या सोडायची तारीख त्यांनाही दिसत होती. मला म्हणाले, "आपण त्याच्या मायले घराबाहेर काढून राहिलो काय? तो त्याच्या घरचा मामला आहे. आपल्याले काहून अडवून ठेवायचं?"

मलाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला सांगू. मी डबा लॅबमध्ये तसाच ठेवून जेवणाच्या सुट्टीत साहेबांकडे गेले, भांडायलाच. तुमची फी आम्ही देतो, मग तुम्ही आमचे वकील की त्यांचे? माझ्या घरच्यांनी कधी स्वतःच्या नावाचं दार लावलं नाही, ते लागत होतं तर तुम्ही मध्ये पाय घातला. असं बरंच बोलले. व्हरांड्यातले लोक दाराशी येऊन ऐकत होते तेही मला दिसत होतं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग आमची फाइल काढली, सर्चचे कागद, नोटीस, कच्चं खरेदीखत, सगळं लावून माझ्यासमोर ठेवलं. "घेऊन जा, बाई. फी नको. दुसऱ्याकडे करा. कागद पक्का होईल, कोर्टात टिकेल. तुमाले कोणी त्या घरातून काढू शकणार नाही. मले फक्त ते राजीखुशीचं वाक्य लिहिता येत नाही, बाकी काही अडलं नाही."

मी फाइल उचलून बाहेर आले आणि व्हरांड्यात एका बाईच्या सतरंजीच्या कडेला बसले. पाय निघेना. घर मला हवं होतं, फार हवं होतं. पण त्या स्वयंपाकघरात पुढची सगळी वर्षं मीच उभी राहणार होते, दलाल नाही की तो दुसरा वकील नाही. आणि त्या म्हातारीने सांगितलं तिथे टेकवलेला अंगठा माझ्या डोळ्यांसमोरून गेला नसता. मी परत आत गेले, फाइल त्यांच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, मग तुम्हीच काहीतरी करा. साहेबांनी मला स्वतःच्या हाताने माठातलं पाणी आणून दिलं. घरी त्या संध्याकाळी आमच्यात अबोला झाला, तो बरेच दिवस टिकला.

साहेबांनी काय केलं? तर प्रमोदभाऊंकडे जाऊन पुण्याच्या घराची चौकशी केली. फ्लॅट कसा आहे, हवा कशी आहे, किती मजले चढायचे. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मग मला निरोप, की आजींच्या गुडघ्यांना आपल्या दवाखान्यात दाखवा. हाडांच्या डॉक्टरांनी गुडघे दाबून पाहिले आणि कोणीही सांगितलं असतं तेच सांगितलं, जिने चढायचे नाहीत. साहेबांनी ती चिठ्ठी प्रमोदभाऊंच्या हातात ठेवली. म्हणाले, तुम्ही आईला सोडलं नाही, डॉक्टरांनी जिने बंद केले. कळमेश्वरचं घर बैठं आहे. लोकांना हेच सांगा.

मी नंतर त्यांना छेडलं, की कागदावर एक अक्षर खोटं चालत नाही तुम्हाला, आणि हे काय? साहेबांना ते आवडलं नाही. हे खोटं कुठे आहे म्हणाले. म्हातारीचे गुडघे दुखतात आणि तिसऱ्या मजल्याला लिफ्ट नाही. खऱ्या दोन गोष्टी त्यांनी फक्त एकमेकींशेजारी बसवल्या होत्या.

आणि खरोखर, प्रमोदभाऊंना तेवढंच हवं होतं. चार दिवसांत सगळ्या लेआउटला कळलं, की डॉक्टरांनी आजींना जिने बंद केले आहेत. प्रमोदभाऊ स्वतः कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर थांबून सांगत होते. शेजारच्या बायकांनी आजींच्या गुडघ्यांसाठी तेलं आणून दिली. रजिस्ट्रीची वेळ घेतली. जून निम्मा उलटून गेला होता, आमचं सामान गाठोड्यांत बांधून पडलं होतं आणि आम्ही पत्रावळींवर जेवत होतो, कारण भांडी बांधली होती.

रजिस्ट्रीच्या दिवशी सकाळी आम्ही सगळे त्या घरी जमलो. ऑफिसात घाईघाईत कोणी ऐकत नाही, म्हणून खरेदीखत आधी घरातच मोठ्याने वाचून दाखवायचं, ही साहेबांची शिस्त. त्यांचा आवाज एकदम भरदार, कीर्तनाला शोभेल असा. चतुःसीमा वाचताना ते हाताने दिशा दाखवत होते आणि कुंपणापलीकडून शेजारी माना डोलवत होते. वाचता वाचता ते त्या वाक्यापाशी आले. ती जागा कोरी ठेवलेली होती. साहेबांनी कागद मांडीवर ठेवला आणि चष्म्यावरून पाहिलं.

"ताई, राजीखुशी?"

"हव," ताई म्हणाल्या.

"मायबाई?"

"हव, बापू. लिवा."

साहेब पेन काढणार तेवढ्यात प्रमोदभाऊ बोलले. ओट्याच्या पायरीवर बसले होते, आवाज एवढा हळू की पहिल्यांदा कोणाला कळलंच नाही.

"मले कोणी विचारलं, साहेब?"

सगळे त्यांच्याकडे पाहू लागले.

"कंपनीने बदली केली. बायको म्हणते, तिकडं फ्लॅट घ्यायचा तर हे इकायलाच लागते. पोराले शाळा तिकडची. सगळ्याइचं आयकून राहिलो मी. या घराच्या विटा वाहिल्या आहे म्या, बाबाच्या संगं, शाळा बुडवून. या दोघीले विचारलं तुमी, दार लावून, निवांत. माहं काय?"

साहेबांनी आजवर एकाही पुरुषाला फेरी मारायला सांगितलं नव्हतं. माय, बहीण, विधवा भावजय, सगळ्यांना विचारलं, पण विकायला निघालेल्या माणसाची खुशी त्यांनी धरूनच चालली होती. ज्याने विकायला काढलं त्याला काय विचारायचं? आम्हा सगळ्यांनाही तसंच वाटत होतं. साहेबांनी चष्मा काढला, धोतराच्या कडेने पुसावा तसा कोटाच्या कडेने पुसत राहिले. मग उठले आणि प्रमोदभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला.

"माहं चुकलं, भाऊ. आजवर चुकतच आलं. जा, आत जाऊन या. आमी बसलो आहे."

प्रमोदभाऊ आत गेले. दार लागलं. रजिस्ट्री ऑफिसची वेळ जवळ येत होती, आम्हाला कर्ज देणाऱ्या बँकेच्या माणसाचे फोन येत होते, मिस्टर ते कापत होते. ते माझ्याकडे पाहत नव्हते, मी त्यांच्याकडे पाहत नव्हते. आतून कपाट उघडल्याचा, मिटल्याचा आवाज आला. मग गच्चीच्या जिन्यावर पावलं वाजली, वर थांबली, बराच वेळ थांबली. प्रमोदभाऊ बाहेर येऊन नाही म्हणाले तर साहेब लिहिणार नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं. आमच्या गाठोड्यांचं काय करायचं ते मला काही सुचत नव्हतं. आणि तरी, सांगते, त्या पावलांचा आवाज ऐकून मला त्या माणसाचा राग येईना. ताई रडत होत्या. आजी मात्र स्वस्थ बसल्या होत्या, काठी मांडीवर घेऊन, दाराकडे तोंड करून.

पावलं खाली आली. दार उघडलं. प्रमोदभाऊंनी डोक्यावर पाणी ओतून घेतलं होतं, शर्टाची कॉलर ओली होती.

"राहिलं काय काही, भाऊ?" साहेबांनी विचारलं.

प्रमोदभाऊंनी त्यांना उत्तर दिलं नाही. ते सरळ आमच्या मिस्टरांसमोर येऊन उभे राहिले.

"मागच्या खोलीत पावसाळ्यात पाणी गळते. खिडकीच्या वरतून. म्या तुमाले सांगतलं नव्हतं. गच्चीवर कोपऱ्यात भेग आहे, दरवर्षी मीच भरतो. यंदा भरली नाही. आता तुमी भरून घ्या, पाणी यायच्या आत."

मिस्टर हो म्हणाले.

साहेब पुन्हा खुर्चीवर बसले, पेनाचं टोपण काढलं, त्या कोऱ्या जागेत ते वाक्य लिहिलं आणि शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर मारत राहिले.

"चला," ते म्हणाले, "आता रजिस्ट्रीले."